आज प्रमोदची दहावी झाली

खरवई, बदलापूर (पूर्व)
२६ नोव्हेंबर २०२३

प्रिय दादा,
जयभीम.

पाकिटावर माझं अक्षर बघून घाबरू नकोस. आईची शुगर ताब्यात आहे, घरात कुणाला काही झालेलं नाही. पण हे फोनवर सांगता येणार नाही. प्रमोदचं नाव फोनवर काढायचं नाही हे बाबांनी तेव्हाच ठरवून टाकलं होतं, ती सवय अजून सुटत नाही. शिवाय मी फोनवर असले की आई शेजारी असते. आणि आता दुपारी आणखी एक माणूस असतो.

गुरुवारी डोकं दुखत होतं म्हणून उल्हासनगरहून लॅबमधून लवकर निघाले. दार उघडंच होतं. आई खुर्चीत आणि तिच्यासमोर जमिनीवर एक माणूस मांडी घालून बसलेला. चाळिशीचा असेल, बुटका, अंगाने सुकलेला, कपड्यांवर सिमेंटची पांढरी धूळ. मला बघून तो झटकन उठून भिंतीला लागून उभा राहिला. आई म्हणाली, "हा अनंता. शेजारच्या बिल्डिंगमध्ये लादी बसवायचं काम करतो. आपल्या प्रमोदच्या बरोबर होता."

दादा, सतरा वर्षं झाली. कॉलेज सोडून चळवळीत आणि चळवळीतून थेट गडचिरोलीच्या जंगलात, हातात बंदूक घेऊन. बाबा त्याची वाट बघत गेले. पोलीस वर्षातून एकदा येऊन "आला होता का?" विचारायचे, तेही आता येत नाहीत. जिवंत आहे की गेला, एक अक्षर कुणी सांगितलं नाही. आणि हा माणूस आमच्या हॉलमध्ये बसून चहा पितोय!

मी विचारलं, "प्रमोद कुठं आहे?" तो आईकडे बघत राहिला. आईच म्हणाली, "त्याला आता काही विचारू नको. सांगेल तो सावकाश." तो शरण आलेला आहे, सरकारी योजनेत. खाली हरिचंद्र पाटलांची मागची खोली भाड्याने घेतली आहे. निघताना चप्पल घालता घालता मला म्हणाला, "येतो, शिलू डॉक्टर."

मी गॅलरीत जाऊन उभी राहिले. मी लहानपणी चाळीतल्या कुत्र्यांना पट्ट्या बांधायची म्हणून प्रमोद मला तसं म्हणायचा. फक्त प्रमोद. तुला तरी हे नाव आठवत होतं का?

तू अशा लोकांना भेटतोस, त्यांच्यावर लिहितोस. सांग, याला घरात येऊ द्यावं का?

तुझी,
शीला


नागपूर
१ डिसेंबर २०२३

प्रिय शीला,
जयभीम.

पत्र विद्यापीठात मिळालं. दोन तास घेतले, पण काय शिकवलं आठवत नाही. प्रमोदचं नाव लिहिलेलं बघून किती वर्षं झाली!

आधी काळजीचं. शरण आलेली माणसं जुन्या सोबत्यांच्या घरी जातात. मी बरेच जण पाहिलेत. जंगलातून बाहेर आल्यावर त्यांना स्वतःचं गाव राहत नाही. एका बाजूला पोलीस, दुसऱ्या बाजूला जुनी माणसं, दोघेही त्यांना आपलं समजत नाहीत. अशा वेळी ज्या घराबद्दल नुसतं ऐकलं आहे तेही जवळचं वाटतं.

आता "शिलू डॉक्टर"चं. घाबरण्यासारखं त्यात काही नाही, उलट त्यावरून मला बरंच कळलं. दहशत ही नुसती बाहेरच्यांसाठी नसते. खून एकाचा होतो, निरोप बाकीच्यांना जातो, आणि त्या बाकीच्यांत संघटनेतली माणसंही आली. नव्या माणसाचं आधी नाव काढून घेतात, नंतर घर. घराची ओढ लागलेला माणूस फुटतो असं मानतात, त्यामुळे घरच्या गोष्टी बोलणं धोक्याचं असतं. तरीही प्रमोदने याच्याजवळ तुझं लाडाचं नाव काढलं, म्हणजे हा त्याचा जिवाभावाचा दोस्त असणार. दुसऱ्या कुणापाशी तो हे बोललाच नसता.

येऊ दे त्याला. आईला तेवढंच बरं वाटेल. फक्त एक विचार, प्रमोदला त्याने शेवटचं कधी आणि कुठं पाहिलं. मी इथं माझ्या ओळखीत चौकशी करतो. पुस्तकासाठी मी एका शरण आलेल्या बाईंशी बोलतोय, त्या त्याच भागातल्या दलममध्ये होत्या. दलम म्हणजे त्यांची तुकडी, आईला सांगायला लागलं तर.

तुझा,
राजेंद्रदादा


खरवई
१० डिसेंबर २०२३

प्रिय दादा,
जयभीम.

दोस्त असेल तर असो. पण तू इथं असतास तर एवढ्या शांतपणे लिहिलं नसतंस.

तो रोज येतो. जेवणाच्या सुट्टीत, साइटवरून सरळ. आई त्याच्यासाठी भाकऱ्या टाकते. भाकरी मोडायच्या आधी तो ती ताटात उलटी करतो. आठवतंय, बाबा प्रमोदला किती ओरडायचे, "तिच्या पाठीवर काय लिहिलंय का?" म्हणून? आणि हे तर काहीच नाही. काल मी मुद्दाम घरी थांबले होते. आईने त्याला पाणी घ्यायला किचनमध्ये पाठवलं. दारातून आत जाताना तो वाकला. मान खाली घालून, खांदा तिरका करून.

दादा, हा फ्लॅट नवा आहे. किचनच्या दाराची चौकट माझ्या डोक्याच्या हातभर वर आहे. आणि तो माणूस माझ्याएवढाही नाही. वाकायला लागायचं ते आपल्या अंबरनाथच्या चाळीतल्या खोलीत, आणि तेही फक्त प्रमोदला. प्रमोदने हे घर बघितलेलंसुद्धा नाही. मग हा कुठल्या दारातून आत गेला?

बाहेर येताना तो परत वाकला. मी आईकडे बघितलं. आई हसत होती.

सहा डिसेंबरला आई दादरला गेली नाही. मला कळायला लागल्यापासून ती चैत्यभूमीला गेली नाही असं एकही वर्ष नाही. बाबा गेले त्या वर्षीसुद्धा गेली. या वर्षी म्हणाली, "अनंता यायचाय. त्याची दुपार चुकवून चालणार नाही." शेजारच्या बायका आल्या होत्या बोलवायला, त्यांना तिने दारातूनच परत पाठवलं.

खाली हरिचंद्र पाटलांना विचारलं, भाडेकरू कसा आहे. ते म्हणाले, "मानूस गरीब हाय, वेलेवर भारा देतो. पन ताई, एकटाच बोलत असतो. आमची सगुना म्हनते, दोन मानसं बोलतात तसा बोलतो. एक आवाज याचा, एक दुसऱ्याचा."

तू सांगितलेलं विचारलं. आई बाथरूममध्ये असताना. म्हटलं, "प्रमोदला शेवटचं कधी बघितलं?" तो हातावरच्या सिमेंटचे पापुद्रे काढत बसला. मग म्हणाला, "शेवटपर्यंत मी त्याच्या जवळच होतो, ताई. रातदिवस. दुसरं कोणी नव्हतं."

म्हणजे प्रमोद नाही, दादा. मला वाटलं होतं की हे कळल्यावर मी रडेन. पण मला नुसती थंडी वाजली. आईला मी काही बोलले नाही.

शीला


नागपूर
१४ डिसेंबर २०२३

शीला,

हे पत्र मिळालं की त्या माणसाला घरात येऊ देणं बंद कर. भांडू नकोस, काही विचारू नकोस. आईला बरं नाही, पाहुणे आलेत, काहीही सांग. शक्य असेल तर आईला घेऊन आठ दिवस उल्हासनगरला तुझ्या मैत्रिणीकडे राहायला जा.

कारण आत्ता लिहीत नाही. मला आणखी एकदा खात्री करून घ्यायची आहे. पण त्याच्यासमोर माझं नाव काढू नकोस.

दादा


खरवई
२४ डिसेंबर २०२३

दादा,

कारण न सांगता हुकूम करायचा हे तू बाबांकडून शिकलास. मी काय लहान आहे?

मी प्रयत्न केला. आईला म्हटलं, चल, रिद्धीकडे राहायला जाऊ, कॅम्प चारला, तिने कधीपासून बोलावलंय. आई म्हणाली, "तू जा. मला इथं काम आहे." दुसऱ्या दिवशी मी हरिचंद्र पाटलांना सांगितलं की अनंताला वर सोडू नका. तो जिन्याखाली तासभर उभा होता म्हणे. शेवटी आईच तीन मजले उतरून खाली गेली आणि त्याला हाताला धरून वर घेऊन आली. तिचे गुडघे तुला माहीत आहेत.

आता ती आतून कडी लावते. मी घरी असले तरी. म्हणते, "तू बाहेर बस जरा." भर दुपारी मी माझ्याच घराच्या दाराबाहेर जिन्यात बसते. आतून त्याचा आवाज येतो, शब्द कळत नाहीत. मध्येच थांबतो. मग आईचा आवाज, एकच शब्द, "पुढं?" परत त्याचा आवाज. परत "पुढं?"

सोमवारी दार उघडल्यावर आईचा चेहरा एकदम उजळलेला होता. मला म्हणाली, "आज प्रमोदची दहावी झाली."

मी म्हटलं, "आई, काय बोलतेस?"

"गणितात गेला असता गं, गेला असता. काठावर सुटला. घाबरून दोन दिवस बोलला नव्हता मला. मला वाटलं पोट दुखतंय." आणि पदर तोंडाला लावून हसायला लागली.

गुरुवारी म्हणाली, "आज कॉलेजात गेला." काल म्हणाली, "आज त्या पोरांची ओळख झाली त्याची. ती मोर्चावाली." काल हसली नाही.

मला वाटतं तिचं डोकं फिरत चाललंय. लॅबमधल्या मॅडम डोक्याच्या डॉक्टरचा नंबर देते म्हणाल्या. पण एक खरं सांगू? बाबा गेल्यापासून आई इतकी पोटभर जेवत नव्हती. आणि अनंता वाईट वाटत नाही. परवा किचनचा नळ गळत होता तो त्याने न सांगता नीट केला. जाताना माझ्या नजरेला नजर देत नाही, एवढंच. तू काय ऐकलंस ते मला सांग. आता लपवलंस तर मी त्यालाच विचारणार आहे.

शीला


नागपूर
३० डिसेंबर २०२३

प्रिय शीला,

खाली बस आणि मग वाच. आई जवळ नसताना.

मी ज्या बाईंशी बोलतो त्यांचं नाव लिहीत नाही. त्यांना मी प्रमोदचा आपल्याकडे असलेला फोटो दाखवला, तो चाळीच्या दारातला. त्यांनी लगेच ओळखला. दलममधलं त्याचं नाव वेगळं होतं. दहा वर्षांपूर्वी, उन्हाळ्यात, त्याची दाढ सुजली. ताप यायला लागला म्हणून तो परवानगी न घेताच बाजाराच्या गावी डॉक्टरकडे जाऊन आला. त्याच आठवड्यात पोलिसांनी तळ घेरला आणि बरेच जण मेले. वाचलेल्यांनी हिशोब मांडला की बाहेर कोण गेलं होतं? प्रमोद. म्हणजे खबऱ्या प्रमोद.

त्याने दाढ दाखवली. औषधाची पुडी दाखवली. बाई म्हणाल्या, आमच्यातल्या निम्म्यांना पटलं होतं. पण पटलं असं म्हणणारा पुढचा खबऱ्या ठरला असता. म्हणून सगळ्यांनी हात वर केले. माझाही हात वर होता, असं त्या म्हणाल्या.

हे पुस्तकात मी कितीदा लिहिलंय. सशस्त्र गट सरकारच्या गोळीने जेवढे खचतात त्याहून जास्त संशयाने खचतात. हे सरकारलाही ठाऊक असतं आणि कधीकधी संशय मुद्दाम पेरला जातो. बंडाची भाषा न्यायाची असते, पण ज्या दिवशी आपल्याच माणसाला पुरावा मागायचंही बंद होतं त्या दिवसापासून उरते ती फक्त भीती. तिला पोसायला रोज कुणीतरी लागतं. वाक्यं बरोबर आहेत. त्या वाक्यांत माझा भाऊ होता आणि मी त्याला ओळखलं नाही.

निकाल वरून यायचा होता, तोवर प्रमोदला एका झाडाला बांधून ठेवलं. पहाऱ्याला एकच माणूस दिला. बुटका, लादीचं काम येणारा, गावाकडे मिस्त्रीच्या हाताखाली असायचा. बाकीच्यांना जवळ जायची बंदी होती. त्या दिवसांत प्रमोद बोलत होता. सतत, घरचं सगळं, लहानपणापासूनचं. बाईंना लांबून आवाज यायचा. त्यांना वाटतं, आपण बोलतोय तोवर हा आपल्याला मारणार नाही असं त्याला वाटत असावं.

निकाल आला तेव्हा तो पहारेकऱ्यालाच सांगितला गेला. गोळीचा आवाज पोलिसांपर्यंत जाईल म्हणून बंदूक वापरायची नव्हती.

तो अनंता आहे, शीला. खात्री केली आहे.

मी पाच तारखेला रात्री निघतो. तोपर्यंत त्याला काही कळू देऊ नकोस. येताना ठाण्याच्या एका पोलीस अधिकाऱ्यांना भेटून येणार आहे. आईला मीच सांगेन. तू एकटीने सांगू नकोस.

दादा


खरवई
१४ जानेवारी २०२४

प्रिय दादा,

तू येऊन गेलास, तुम्ही त्याला घेऊन गेलात, सगळं तुझ्यासमोर झालं. पण तुझी गाडी उशिरा आली आणि त्या आधीची दुपार तू पाहिली नाहीस. घरात एवढे लोक होते की मला बोलता आलं नाही. तुला ती कळायला हवी.

तुझं पत्र वाचून मी आईला सांगायचं नाही असं ठरवलं होतं. सहा तारखेला दुपारी तो आला. आईने कडी लावायला हात वर केला आणि मी मध्ये उभी राहिले. म्हटलं, "आई, हा माणूस कोण आहे तुला माहीत आहे?"

आई म्हणाली, "तुला कुणी सांगितलं? राजेंद्रनं?"

मी रडायला लागले. आई म्हणाली, "मला पहिल्या दिवशीच माहीत आहे. उंबऱ्यात उभा राहून म्हणाला, मी प्रमोदच्या बरोबर होतो. दोस्त असता तर आत येऊन पाया पडला असता, नाहीतर रडला असता. हा माझ्या पायाकडं बघत उभा. मी विचारलं, गेला ना माझा? हो म्हणाला. विचारलं, कुणी मारला? तर म्हणाला, मी, माय."

"आणि तू त्याला चहा दिलास?"

"मग काय करू? पोलिसात दिला असता तर त्याला वकील मिळाला असता. मला काय मिळालं असतं? माझं पोर शेवटी एकट्या याच्याशी बोललंय. सगळं याच्या पोटात आहे. मी म्हटलं, बस खाली. पहिल्यापासून सांग. एक शब्द गाळायचा नाही."

अनंता दाराशीच उभा होता. म्हणाला, "ताई, मी मायले दोनदा म्हटलं, मले जाऊ द्या, नाही तर चौकीत नेऊन द्या. आता होत नाही माझ्याच्यानं. घरी गेलो का तोच बोलते माझ्या तोंडातून. दारातून जातो त वाकून जातो मी. मले समजत बी नाही."

"जाशील," आई म्हणाली. "आजचं सांगून झालं की जाशील. शीला, तू पण बस."

दादा, मला वाटायचं ती याच्यावर माया करते. तशी नव्हती ती माया. विहिरीतून पाणी उपसतात तशी ती त्याला रोज उपसत होती आणि तळ लागेपर्यंत सोडणार नव्हती. मला माझ्या आईचीच भीती वाटली.

मी बसले. त्याने शेवटचा दिवस सांगितला. सकाळी प्रमोदच्या दाढेचं दुखणं थांबलं होतं आणि त्याला फार बरं वाटत होतं. त्याने आपल्या चाळीतल्या खोलीचा नकाशा काटकीने मातीत काढून दाखवला, मोरी कुठं, बाबांची सायकल कुठं, दार किती खाली. म्हणाला, कधी गेलास तर डोकं सांभाळ. तेवढ्यात निरोप घेऊन माणूस आला. प्रमोदने बघितलं आणि त्याला समजलं. तो म्हणाला, "अजून माझं सांगून झालं नाही."

इथं अनंता थांबला. आई म्हणाली, "पुढं?"

त्याने पुढचंही सांगितलं. ते मी लिहिणार नाही. आईने शेवटपर्यंत मान खाली घातली नाही. मग तिने विचारलं, "त्याला ठेवलंय कुठं?"

तो म्हणाला, जागा दाखवतो. मग म्हणाला, "माय, तिथं तो एकला नाही. त्याच्या आधी एक गावचा पोरगा आहे. त्याच्या पहाऱ्यावर बी मीच होतो."

आई उठली, भिंतीला धरून किचनमध्ये गेली, तोंड धुतलं, पांढरं लुगडं नेसली आणि म्हणाली, "चल आता पोलिसात." त्याच वेळी तुझी बेल वाजली.

तू तिला म्हणालास की तू एका खुन्याला दीड महिना जेवू घातलंस. ती काही बोलली नाही म्हणून तुला राग आला. तिच्याजवळ बोलायला काही उरलं नव्हतं, दादा. ती तेव्हापासून दुपारी झोपते. नुसती झोपते. उठवलं की विचारते, "किती वाजले?" आणि वाजलेले ऐकून परत कूस वळते.

जागा दाखवायला त्याला नेतील तेव्हा आईला यायचंय. डॉक्टर नको म्हणाले तरी ती येणार. मला लॅबमधून एवढी सुट्टी मिळणार नाही, तूच तिला घेऊन जा. तिच्यावर ओरडू नकोस.

तुझी,
शीला


गडचिरोली
५ मे २०२४

प्रिय शीला,
जयभीम.

निवडणूक उरकल्यावरच पोलीस बंदोबस्त मिळाला. काल जाऊन आलो. आई ठीक आहे, तिच्याशी तू सकाळी बोललीसच. पण तिने तुला सगळं सांगितलं नसणार.

उंच झाडं आणि कोरडा ओढा. अनंताने सरळ नेऊन एका ठिकाणी उभं केलं, एकदाही चुकला नाही. तहसीलदार, डॉक्टर, पंच, सगळे होते. आईला मी गाडीत बसायला सांगितलं, तिने ऐकलं नाही. झाडाखाली बसून राहिली. दोघं सापडले. जवळजवळ, एकमेकांना टेकल्यासारखे. कुठला आपला ते मला कळलं, उंचीवरून. तपासणीचा कागद यायला काही महिने जातील, पण मला कागद नको आहे. आई उठून आली, वाकून बघितलं, आणि दोघांवरही हात फिरवला. तोंडाने पंचशील म्हणत होती. एका हवालदाराने टोपी काढली.

दुसरा पोरगा तिथून दोन टेकड्यांपलीकडच्या गावचा. पोलीस म्हणाले, घरच्यांना आम्ही कळवू. आई म्हणाली, "तुम्ही नाही. मी सांगणार." माझ्याकडे वळून म्हणाली, "याने त्याचंही ऐकलंय. गाडीत मला सगळं सांगितलंय याने. ज्याचं त्याला पोचायला पाहिजे."

गाव लहान, माडिया आदिवासींचं. त्या बाई आईच्याच वयाच्या. मुलगा खबऱ्या म्हणून मारला गेला तेव्हापासून गावात त्यांच्याशी कुणी मोकळेपणाने बोलत नाही. दिवस करायलाही बंदी होती. गावच्या एका शिक्षकाने दुभाष्याचं काम केलं. आई त्यांच्यासमोर जमिनीवर बसली आणि तो पोरगा शेवटी काय बोलला ते एकेक सांगत गेली. त्याची बकरी कुठली, आईच्या मण्यांची माळ हरवली म्हणाला होता ती त्याने खरं कुठं टाकली, त्याला कुठली मुलगी आवडायची. शिक्षक सांगायचे, बाई ऐकायच्या. रडल्या नाहीत. मध्येच त्यांनी आईला पाणी दिलं.

मग त्यांनी विचारलं, हे तुम्हाला कुणी सांगितलं?

आईने बाहेरच्या गाडीकडे बोट केलं. बाई उठल्या, गाडीपाशी गेल्या, काचेतून आत बघितलं. अनंताने मान वर केली नाही. बाई बराच वेळ बघत होत्या. परत येऊन बसल्या आणि काहीतरी बोलल्या. शिक्षकांनी ते सांगितलं.

"त्या म्हणतात, हा इथं येऊन गेलाय. दोन वर्षांपूर्वी. पूर्ण पावसाळा इथं राहिला. घर शाकारून दिलं, शेत लावून दिलं. माझ्या पोरासारखा खोकायचा. जेवताना पोरासारखा डावा हात मागे टेकायचा. मी जेवायला वाढायची."

आईने विचारलं, "त्याने तुम्हाला सांगितलं नाही?"

बाई म्हणाल्या, "मी विचारलं नाही."

"का?"

"मला कळलं होतं, हा कोण. विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं. सांगितलं असतं तर गेला असता. मला पोराचा खोकला ऐकायचा होता."

शीला, माझ्या वहीत राजकीय हिंसेच्या व्याख्या आहेत, कारणं आहेत, आलेख आहेत. या दोघींसाठी तिथं एकही ओळ नाही.

आई त्यांच्या शेजारी सरकून बसली. दोघी गाडीकडे बघत होत्या. पोलीस घाई करत होते, मी आईला दोनदा हाक मारली. तिने हात हलवला, थांब म्हणून. मग त्या बाई उठल्या, घरातून पाण्याचा तांब्या आणला आणि माझ्याकडे न बघता शिक्षकांना म्हणाल्या की त्यांना गाडीतल्याला पाणी द्यायचं आहे, तहान लागली असेल. पोलिसांनी नाही म्हटलं. त्या तांब्या घेऊन तशाच उभ्या राहिल्या. गाडी निघाली, वळली, तरी उभ्या होत्या. मागच्या काचेतून मला दिसत होत्या.

गाडीत अनंता खोकत होता. आईने डोळे मिटून घेतले होते.

इथले कागद उरकले की पुढच्या आठवड्यात आम्ही पोहोचू.

तुझा,
राजेंद्रदादा